गिधाडखिंड, चारच्या आत

लिसेबोला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आमच्या चौकीच्या पायरीवर बसून बुटातला खडा काढत होती आणि त्या खड्याला शिव्या देत होती. मला बघूनही ती थांबली नाही. खडा निघाला, तो तिने खिंडीत भिरकावला आणि पासपोर्ट माझ्यापुढे धरला.

"मारा शिक्का, न्ताते. घरी पोरगी वाट बघतेय."

न्ताते म्हणजे बाबा. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला सगळेच असं हाकारतात, पण तिच्या तोंडून ऐकलं की आपण खरंच हिचे कुणीतरी लागतो असं वाटायचं. माझं नाव त्लाली. गिधाडखिंडीच्या माथ्यावरच्या चौकीत मी अठरा वर्षं शिक्के मारले. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक पाण्याची टाकी आणि एक झेंड्याची काठी. लेसोथो तिथे संपतो. पुढे नुसता उतार, आणि उतार संपतो तिथे खाली दक्षिण आफ्रिकेची चौकी. मधली वाट पायाची नाहीतर घोड्याची. चाक तिथे अजून पोचलेलं नाही.

आमच्या डोंगरातली निम्मी माणसं खाली कामाला जातात. खाली गेलं की पासपोर्टवर शिक्का बसतो आणि त्या शिक्क्यापुढे बॉलपेनने एक आकडा लिहितात, तीस. तीस दिवस राहा, एकतिसाव्या दिवशी तुम्ही गुन्हेगार. म्हणून तीस दिवस भरायच्या आत वर यायचं, एक रात्र घरी काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं आणि पुन्हा तीस दिवस घ्यायचे. हिवाळ्यात बर्फ असो, उन्हाळ्यात विजा असोत. दोन्ही चौक्या दुपारी चारला बंद. चार वाजून एक मिनिटाने आलेला माणूस रात्रभर दोन देशांच्या मधे कुडकुडत बसलेला मी बघितलाय.

लिसेबो हे बारा वर्षं करत होती. तिचा नवरा खाणकामगार. खाणीतली धूळ छातीत भरून घरी परतला आणि दोन वर्षांत गेला. तेबोहो नावाची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिला धाकट्या भावाकडे, मोलेफीकडे, ठेवून लिसेबो खाली एका पाहुणेघरात भांडी घासायला लागली. भांड्यांवरून भाजी चिरण्यावर, तिथून पाव भाजण्यावर, आणि शेवटी अख्ख्या स्वयंपाकघरावर. मुलीला शिकवलं, शिक्षिकेच्या कॉलेजात घातलं. या बारा वर्षांत तिचे दोन पासपोर्ट भरले आणि तिसरा भरत आला होता. "लोक जगभर फिरून पासपोर्ट भरतात," ती म्हणायची, "मी एका डोंगरावर भरले."

ये-जा करायची ती घोडीवर. मोलेफी दोन जनावरं घेऊन खालच्या चौकीच्या कुंपणापर्यंत उतरायचा, तिला वर आणायचा, दुसऱ्या दिवशी तसाच पोचवून यायचा. तिच्या घोडीचं नाव मांताहा. म्हणजे सोमवार, सोमवारी जन्मली म्हणून. तांबूस रंगाची, ठेंगणी, पोट थोडं सुटलेलं. दिसायला काही खास नाही. पण त्या खिंडीतला दगडन्‌दगड तिला पाठ होता. दाट धुक्यात मोलेफी स्वतःच्या घोड्यावरून उतरून चालायचा आणि लिसेबो मांताहावर बसून पुढे निघून जायची. जाता जाता मागे वळून ओरडायची, "ये हळूहळू! मी चहा टाकते!"

घोड्यावर बसणं तिच्या रक्तातच होतं. वडील शर्यतीचे नावाजलेले स्वार. त्यांनी तिला चौथ्या वर्षी घोड्यावर चढवलं आणि चौदाव्या वर्षी उतरवलं. मुलींनी पाण्याला जाताना बसावं, शर्यतीत नाही, असं म्हणाले. तिने वाद घातला नाही. पण पुढे दर वर्षी शर्यतीच्या दिवशी ती मैदानाच्या भिंतीवर बसायची आणि एकेका स्वाराची सालं काढायची. "लगाम काय सुतळीसारखा धरलाय! अरे, घोडा आहे तो, बकरी नाही!" स्वार तिच्यासमोरून जाताना मान खाली घालायचे.

आता त्या मार्च महिन्यातली गोष्ट.

दीड वर्षापूर्वी लिसेबोने खाली मोठ्या कागदासाठी अर्ज केला होता. चार वर्षं राहायची आणि काम करायची परवानगी. मिळाला की दर महिन्याची धावपळ संपली. अर्ज भरला, शहरात जाऊन बोटांचे ठसे दिले, आणि मग काहीच नाही. आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो. एक मार्चला तिच्या फोनवर निरोप आला. कागद तयार आहे. आमची फिरती गाडी अकरा मार्चला तुमच्या चौकीवर येईल, चारपर्यंत थांबेल. पासपोर्ट घेऊन स्वतः या. न नेलेले कागद शहरात परत जातील आणि रद्द होतील.

तिचे तीस दिवस संपत होते दहा मार्चला. म्हणजे दहाला वर यायलाच हवं, आणि अकराला चारच्या आत खाली पोचायलाच हवं. आणि अकरा मार्च म्हणजे आमचा मोशोएशोए राजाचा दिवस. गावात गाणी, नाच, ज्वारीची बिअर आणि सकाळी घोड्यांची शर्यत.

दहा तारखेला ती चौकीवर आली ती पायी, धापा टाकत, आणि तरी बोलत. "न्ताते, आजचा शिक्का सरळ मारा. वाकडा मारलात तर बघा. याचा फोटो काढून भिंतीवर लावणार आहे मी." मग तिचं लक्ष बाहेर गेलं. मोलेफी मांताहाचा लगाम धरून उभा होता आणि त्याचा उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला होता.

"हे काय? म्हणून आज कुंपणापाशी आला नाहीस होय? मी तिथे तासभर तुझ्या नावाने खडे फोडत बसले!"

"छपरावरून पडलो, आउसी." मोठ्या बहिणीला आमच्यात आउसी म्हणतात. "गवत शाकारत होतो. खांदा निखळला. दवाखान्यात बसवून दिला, पण तीन आठवडे हलवायचा नाही म्हणाले."

"शर्यतीच्या आदल्या आठवड्यात छपरावर चढतं का कुणी?"

"गळत होतं. तुझ्याच खोलीवर."

तिने त्याच्या गळ्यातल्या फडक्याची गाठ सारखी केली. "मग उद्या मांताहावर कोण?"

"कोणी नाही. नाव काढून घेतो. यंदा तिसऱ्यात तरी आली असती, जाऊ दे."

लिसेबोने घोडीकडे पाहिलं. घोडीच्या आयाळीत बोटं घातली. आणि म्हणाली, "मी बसते."

मोलेफी हसला. मग माझ्याकडे बघून हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

"हसा," ती म्हणाली. "हसून झालं की सांगा."

"अगं, तुझा कागद?"

"शर्यत दहाला. साडेदहाला संपली. अकराला निघाले तर दोनच्या आत खाली. बरोबर की नाही, न्ताते?"

गावातून चौकीवर यायला चाळीस मिनिटं, चौकीपासून खाली दोन तास. मी मान हलवली. हिशोब चोख होता.

"आणि तू पडलीस तर?" मोलेफी म्हणाला.

"छपरावरून तर नाही ना पडणार!"

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. शर्यतीत शेवटच्या रेषेवर झेंडा धरून उभं राहायचं काम माझं, आणि नावांची वहीही माझ्याकडेच. सकाळी कमिटीचे म्हातारे अध्यक्ष काठी टेकत आले. मांताहाशेजारी मोलेफीचा जाडा कोट घालून, पायात गमबूट चढवून उभी असलेली लिसेबो त्यांनी पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"त्लाली, बाई?"

मी वही उघडून दाखवली. "घोडीचं नाव मांताहा, मालक मोलेफी. वहीत एवढंच लागतं, न्ताते. स्वाराचा रकानाच नाही."

त्यांनी वही बराच वेळ न्याहाळली. मग लिसेबोला विचारलं, "पोरी, पडलीस तर?"

"पडले तर उठेन. तुम्ही नका उचलायला येऊ, कंबर धरेल तुमची."

भोवतालच्या बायका फिसकन हसल्या. म्हाताराही हसला आणि काठी टेकत पुढे गेला. सुटला प्रश्न.

सुटलं नाही ते धुकं. पहाटे दरीतून वर आलं आणि मैदानावर असं बसलं की घोड्याला घोडा दिसेना. दहा वाजले. अकरा वाजले. गाणाऱ्या बायका गाऊन थकल्या, भाजलेली कणसं संपली. लिसेबो एका जागी ठरेना. शाळेच्या भिंतीपर्यंत जायची, परत यायची, मांताहाचा पट्टा तपासायची, पुन्हा भिंतीपर्यंत. साडेअकराला मोलेफीने तिला अडवलं.

"आउसी, निघ तू. शर्यत दर वर्षी असते."

"आणि कागद?"

"तेच म्हणतोय. कागद एकदाच येतो. निघ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. बारा वर्षं हिने चारच्या ठोक्यापायी कितीतरी गोष्टी अर्ध्यावर टाकल्या. मुलीचे वाढदिवस, आईची अंत्ययात्रा सुद्धा.

"एकला मी निघणार," ती म्हणाली. "त्याच्या आत सुरू झाली तर घोडीवर, नाहीतर वाटेवर. न्ताते, तुमचा राखाडी घोडा खोगीर घालून रेषेपलीकडे उभा ठेवा. माझं बोचकं त्याला बांधा. तुम्ही मोलेफीचा घोडा घ्या आणि माझ्याबरोबर चला, म्हणजे जनावरं परत आणायला कुणी असेल. मांताहा शर्यत पळल्यावर खिंड उतरायची नाही, तिला दमवायची नाही मला."

जणू मीच तिच्या हाताखाली नोकरीला होतो. मी गुपचूप जाऊन खोगीर घातलं.

एकला वीस कमी असताना वारा सुटला. पाच मिनिटांत धुकं मैदानावरून सरकलं, टेकडीवरून सरकलं, आणि खालची घळ उघडी पडली. माणसं ओरडत उठली. चौदा घोडे शाळेपाशी रेषेत आले. सगळ्यांत पुढे शेजारच्या खोऱ्यातला काळा, उंच घोडा. त्याचं नाव मिनिस्टर. तीन वर्षं तोच जिंकत होता.

आमची शर्यत अशी: शाळेपासून सपाटीवर, टेकडीला वळसा, मग दगडांच्या घळीतून खाली ओढ्यात, ओढ्यातून वर, आणि शेवटचा सरळ पट्टा चर्चपर्यंत, जिथे मी उभा. घळीत दर वर्षी एखाददुसरा हात मोडतो. म्हणून तिथे आले की सगळे लगाम खेचतात.

शाळेपाशी झेंडा पडला. घोडे सुटले आणि मांताहा सगळ्यांत शेवटी राहिली. तिला सपाटीची सवयच नव्हती. मोलेफी माझ्या शेजारी उभा होता, तो नुसता "अरे अरे अरे" करत होता. टेकडीच्या वळणावर एक जनावर तिच्या मागे पडलं, तेरावी झाली. मग टेकडीआड सगळेच गडप. मोलेफीने डोळे मिटून घेतले. "दिसले की सांगा," म्हणाला.

घळीच्या तोंडाशी मिनिस्टर दिसला. त्याच्या स्वाराने लगाम खेचला. मागच्यानेही खेचला. मग बाकीचे सगळे, दगडांवर टापा घसरतायत, माणसं शिव्या देतायत. आणि त्यांच्या मागून आमची लिसेबो आली. पाठ मागे टेकलेली, पाय पुढे, लगाम पार सैल सोडलेला, जसं काही घोडीला म्हणतेय की तुझं तू बघ, बाई. मांताहा मांजरीसारखी उतरली. वाटेने नव्हे, कडेच्या दगडांवरून. एका मागून एक घोडे ओलांडत ती खाली आली. मी मोजत होतो, चार, सहा, नऊ. मोलेफीने कधीचेच डोळे उघडले होते आणि माझा दंड पिळत होता. घळीच्या पायथ्याशी ती मिनिस्टरच्याही पुढे गेली. चिखलपाण्याचा फवारा उडाला आणि त्यातून पहिली बाहेर आली ती आमची ठेंगणी, पोटसुटी सोमवार.

गावातल्या सगळ्या बायकांनी एकदम जीभ हलवून जो जयघोष केला, तो ऐकून माझ्या अंगावर काटा आला. माझ्या बायकोने हातातलं भांडं टाकलं. अध्यक्ष म्हातारे काठी टाकून उभे होते.

सरळ पट्ट्यावर मिनिस्टर आला. लांब टांगांचा घोडा तो, सपाटीवर त्याच्यापुढे कोण टिकणार? पण पन्नास पावलं राहिली तरी ती पुढे, वीस राहिली तरी बरोबरीने. माझ्यासमोरून दोघे गेले तेव्हा काळ्याचं डोकं पुढे होतं. फार तर एका मानेने.

"दुसरी!" मोलेफी ओरडला. "आउसी, दुसरी!"

"आंधळी नाहीये मी, तो पहिला मला दिसला!" ती घोडीवरून उडी मारून उतरली आणि मांताहाच्या मानेला मिठी मारून हसत सुटली. केसांपासून बुटापर्यंत चिखल. "घळ आणखी थोडी लांब हवी होती! थोडीच! मोलेफी, हिला फिरव, लगेच पाणी पाजू नकोस. अंगावर कांबळं टाक. ऐकतोयस ना?"

मिनिस्टरचा स्वार घोडा वळवून आला. दमलेला, गंभीर माणूस. "म्मे," तो अदबीने म्हणाला, आईला म्हणावं तसं, "त्या घळीत तुम्ही घोडी आवरली कशी नाहीत?"

"मला चारच्या आत चौकी गाठायची असते, बाबा. आवरून कसं चालेल?"

एक वाजून पाच मिनिटं. ती माझ्या राखाडी घोड्यावर बसली सुद्धा होती. दुसऱ्या नंबरची मेंढी द्यायला कमिटीवाले मेंढी ओढत येत होते, त्यांना तिने लांबूनच सांगितलं, "भावाकडे द्या! मेंढीला पासपोर्ट नाही!"

चौकीवर पोचलो तेव्हा तिथे कामावर असलेला माझा जोडीदार खिडकीत पासपोर्ट हातात धरूनच बसला. "शर्यतीचं आधी सांगा."

"अरे, शिक्का मार!"

"कोण जिंकलं ते सांगितल्याशिवाय शाई लागत नाही."

"मिनिस्टर पहिला, मी दुसरी!"

"तू?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो उठून उभा राहिला, खुर्चीत परत बसला, आणि मग पासपोर्टात जागा शोधू लागला. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात एक काडेपेटीएवढी जागा होती. तिथे त्याने जीव ओतून शिक्का मारला.

खिंड उतरताना ती पुढे आणि मी मागे. धुकं तिथे अजून रेंगाळत होतं. तिचं तोंड काही थांबलं नाही. पूर्ण वेळ शर्यत चालू. टेकडीच्या वळणावर कोण आडवा आला, मांताहाने कान कसे मागे टाकले, घळीच्या तोंडाशी पुढचे सगळे कसे अडखळले. "आणि न्ताते, तिथे मी डोळे मिटले! खरंच सांगते! तिलाच वाट ठाऊक होती, मी बघून काय करणार?"

निम्म्याहून जास्त उतरल्यावर, कड्याला चिकटून वाट जिथे जेमतेम दोन जनावरांपुरती उरते, तिथे ती थांबली. समोर गाढवं. पाच गाढवं वर येत होती, आणि पहिल्या गाढवाच्या पाठीवर आडवा बांधलेला एक लोखंडी पलंग होता. पलंगाचं एक टोक कड्याच्या कपारीत अडकलेलं, दुसरं दरीवर तरंगतंय. गाढव शांतपणे गवत खात होतं. शेजारी गाढववाला म्हातारा पिट्सो बसला होता, पाइप ओढत.

"न्ताते पिट्सो, वाट द्या!"

"कशी देऊ? गाढव मागे येत नाही, पलंग पुढे जात नाही."

"कधीपासून अडकलाय?"

"दोन वाजल्यापासून. घाई काय आहे? नातीचं लग्न शनिवारी आहे."

"मला चारला खाली पोचायचंय! माझा चार वर्षांचा कागद आलाय, आज नाही घेतला तर रद्द! आणि शर्यत उशिरा झाली, मी दुसरी आले, म्हणून..."

म्हाताऱ्याने पाइप तोंडातून काढला. "दुसरी? मिनिस्टरच्या मागे? तू मोहापीची मुलगी ना? तुझ्या बापाने मला एका शर्यतीत सगळ्या गावासमोर हरवलं होतं." तो उठला. "आणि मग बक्षिसाचं कांबळं अर्धं फाडून मला दिलं होतं. चल, धर हे टोक."

आम्ही तिघांनी मिळून पलंग सोडवला. सहजासहजी निघेना. पाय खोलावे लागले, आणि पेचकस नव्हता, तेव्हा लिसेबोने तिच्या चावीने पेच फिरवले. चारातले दोन पाय निघाले आणि पलंग कपारीतून सुटून आमच्या हातात आला. गाढव एकदा ओरडलं आणि कड्याला अंग घासत आमच्या घोड्यांशेजारून निघून गेलं. बाकीची त्याच्या मागे.

"जा!" पिट्सो म्हणाला. "पाय मी बसवतो. जा, जा!"

सव्वातीन झाले होते.

खालचं वळण आलं तेव्हा धुकं विरलं आणि चौकी दिसली. पत्र्याचं छप्पर, कुंपण आणि बाजूला एक पांढरी गाडी. गाडीचं मागचं दार उघडं होतं. पण वाट तिथून सहा वळणं घेत उतरते. लिसेबोने घड्याळ पाहिलं. मग माझ्या हातात लगाम फेकला, पासपोर्ट छातीशी कोटात खोचला आणि म्हणाली, "तुम्ही या वळणांनी!"

"लिसेबो, उतार ओला आहे!"

ती गवतावरून सरळ खाली निघालीच होती. धावली, घसरली, बसल्या बसल्या दहा हात गेली, उठली, पुन्हा धावली. मी दोन घोडे घेऊन वळणं मोजत होतो आणि प्रत्येक वळणावर ती मला आणखी लहान दिसत होती. तिसऱ्या वळणावर ती पडली. चौथ्या वळणावर ती कुंपणाच्या दारात होती, दोन्ही हात वर करून, कुणाला तरी थांबवत.

मी कुंपणापाशी पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. माझा पासपोर्ट घरी होता, त्यामुळे मी तारेच्या अलीकडेच राहिलो. पण तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. गाडीतला टायवाला तरुण कारकून दुमडलेलं टेबल पुन्हा उघडत होता. त्याच्या हातात तिचा पासपोर्ट. तो फोटोकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"हा फोटो तुमचाच आहे का, मॅडम?"

"मग कुणाचा असणार?"

"नाही, म्हणजे, चेहरा मला दिसतच नाहीये."

खरंच दिसत नव्हता. शर्यतीच्या चिखलावर उताराचा चिखल बसला होता. डोळे आणि दात तेवढे दिसत होते. चौकीच्या खिडकीतून मिसेस मखिझे बाहेर आल्या. बारा वर्षं लिसेबोच्या पासपोर्टवर खालचा शिक्का त्यांचाच. एरवी त्या हसत नाहीत. आज दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "नळ तिकडे आहे. धू तोंड. घड्याळ मी बघते."

लिसेबो नळाखाली वाकली. पाणी काळं वाहिलं, मग तांबडं, मग स्वच्छ. ती निथळत उभी राहिली आणि त्या कारकुनाकडे हनुवटी वर करून पाहिलं.

"आता?"

"आता तुम्हीच," तो म्हणाला.

सही झाली, अंगठा झाला. त्याने एक जाड कागद तिच्या हातात दिला. तिने तो ओल्या हातांनी न धरता मनगटांत धरला, जसं तव्यावरून काढलेलं काही धरावं. ओठ हलत होते. वाचून झालं तरी हलत होते.

मिसेस मखिझेंनी प्रवेशाचा शिक्का मारायला पासपोर्ट उघडला आणि आमच्या जोडीदाराने कोपराही सोडला नव्हता, तेव्हा कव्हरच्या आतल्या बाजूला मारला. मग पेन उचललं. तीन लिहिलं आणि थांबल्या. "बघ हं," त्या म्हणाल्या, "हाताला सवय लागलीय." तो तीन खोडला, बाजूला सही केली आणि पूर्ण तारीख लिहिली. दिवस, महिना आणि चार वर्षांनंतरचं साल.

लिसेबो तारेपाशी आली. "न्ताते, ऐका," म्हणाली आणि कागद वरपासून वाचायला लागली. तिचं नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा नंबर, पाहुणेघराचं नाव, कामाच्या रकान्यात 'मुख्य स्वयंपाकी'. तिथे ती अडली. तिने नाक पुसलं आणि तो शब्द पुन्हा एकदा मोठ्याने वाचला, मिसेस मखिझेंनाही ऐकू जाईल असा.

"मग आता पुढच्या महिन्यात येणार नाहीस," मी म्हणालो. मला कसंतरीच झालं होतं. आनंद होता, पण कसंतरीच.

"येणार की! इस्टरला येणार, तेबोहोला घेऊन. आणि आता एका रात्रीसाठी नाही, चांगली आठवडाभर राहणार. तुम्ही वैतागाल!" ती हसली. मग तारेतून बोटं घालून माझ्या राखाडी घोड्याचं नाक चोळलं. "मोलेफीला सांगा, मांताहाचे पाय आज गरम पाण्याने शेकायचे. आणि त्या मेंढीला कापायचं नाही. दोन वर्षांत पाच होतील तिच्या."

रस्त्यावर शेवटची टॅक्सी उभी होती. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी तारेवरून दिलेलं बोचकं काखेत मारून ती धावली, दार ओढून आत शिरली. टॅक्सीत आठ-दहा माणसं होती, दिवसभराची दमलेली, पेंगत बसलेली. काचेतून मला दिसलं, तिने बसता बसताच हात पुढे केले, पाठ मागे टेकली, हातात नसलेला लगाम सैल सोडला. एक एक करून सगळी डोकी तिच्याकडे वळली. ड्रायव्हरनेही गाडी चालू करायची सोडून मान मागे वळवली.